नव्या घरावरचं सोलर आणि ते 30 टक्के

तुम्ही लिहिलंय, की पुढच्या वर्षी पुण्याहून कॅलिफोर्नियात येताय, ट्रेसीच्या बाजूला नवंकोरं घर बघायचंय, आणि सोलरच्या खर्चाचे 30 टक्के सरकारकडून सुटतात म्हणून तेवढे हिशोबात धरलेत. आधी ते खोडा. ते फेडरल टॅक्स क्रेडिट, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारला भरायच्या इन्कम टॅक्समधली सूट, 31 डिसेंबर 2025ला संपलं. 2022च्या कायद्यात 2032पर्यंत 30 टक्के होते, जुने व्हिडिओ तेच सांगत बसलेत. जुलै 2025च्या कायद्याने ते आधीच गुंडाळलं.

एक मेख लक्षात ठेवा. नव्या घराला करार किंवा पैसे भरल्याची तारीख धरत नाहीत, तुम्ही राहायला गेलात ती धरतात. तेव्हा "पॅनेल 2025मध्येच बसलेत" असं सेल्स ऑफिसात कुणी म्हणालं तर नुसती मान डोलवा, हिशोबात धरू नका.

आम्हाला किल्ल्या 2023च्या डिसेंबरात मिळाल्या, राहायला गेलो जानेवारीत. म्हणून क्लेम 2024च्या रिटर्नमध्ये, फॉर्म 5695वर. खरी कटकट आकड्याची झाली. कागदांच्या गठ्ठ्यात एवढीच ओळ: 'सोलर सिस्टिम – किमतीत समाविष्ट'. तीस टक्के, पण कशाचे? बिल्डरच्या मागे लागून लागून सोलरचा वेगळा खर्च दाखवणारं एक पानी पत्र मिळवलं, त्यात सात आठवडे गेले. आणि आपल्याकडे सूर्यघर योजनेत 78,000 रुपयांपर्यंत सबसिडी थेट खात्यात येते, तसं हे नव्हतं. भरायच्या टॅक्समधून वजावट व्हायची, उरलं तर पुढच्या वर्षाला.

आता तुमचं. 2020पासून इथे नव्या घरांना सोलर सक्तीचंच आहे, त्यामुळे पॅनेल घ्यायचे की नाही हा प्रश्न सहसा उरत नाही. प्रश्न मालकी कुणाची हा. बरेच बिल्डर लीजवर देतात: छप्पर तुमचं, पॅनेल कंपनीचे, तुम्ही वीस-पंचवीस वर्षं भाडं भरायचं. कंपन्यांसाठीचं क्रेडिट वेगळ्या कलमात आहे, ते घरमालकांच्या क्रेडिटसारखं लगेच बंद झालेलं नाही, आणि पॅनेल कंपनीचे असले की ते कंपनीला मिळतं. लीजचा आग्रह का होतो ते त्यात आलं. भाडं दरवर्षी वाढतं का, आणि घर विकताना नवा मालक लीज घ्यायला नाही म्हणाला तर काय, हे लेखी विचारा. मला स्वतःला लीज पटत नाही.

बिल शून्यावर येईल हेही धरू नका. 15 एप्रिल 2023पासूनच्या सोलर जोडणीच्या अर्जांना इथल्या मोठ्या खासगी वीज कंपन्या नव्या नियमाने मोजतात: दुपारी ग्रिडला दिलेल्या युनिटला मोजके सेंट, संध्याकाळी तेच युनिट घेताना कितीतरी पट. म्हणून आमच्याकडे वॉशिंग मशीन आणि गाडीचं चार्जिंग भर दुपारी चालतं. दुपारची वीज संध्याकाळसाठी साठवायला बॅटरी घेणार असाल, तर तिचा भाव मात्र घराच्या किमतीत न मिसळता वेगळा मागा.