आधी ती ओली गोणी काढा

मुक्या जिवांचा सल्ला : हिवाळ्यातली पत्रं

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की आमच्या अमळनेरकडे थंडी खरी उतरते. मग पुढचे दीड-दोन महिने सकाळी कोणीही भेटलं तरी पहिलं वाक्य एकच, "थंडी वाजी ऱ्हायनी". या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं कुत्र्यांबद्दल आहेत, त्याचा मला आनंद झाला. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी ३१ वर्षं काढली. गाई-म्हशी, बैल, शेळ्या दिवसभर यायच्या. कुत्रं घेऊन येणारा मात्र दवाखाना बंद व्हायच्या वेळी यायचा, दाराशी घुटमळायचा आणि म्हणायचा, "डॉक्टर ताई, एवढंसं बघता का?" त्या संकोचाचं मला फार वाईट वाटायचं. रात्रभर तुमचं खळं राखणाऱ्या जिवाला दवाखान्यात आणताना लाज कसली?

प्रश्न : आमची केळी आहे. थ्री फेजची लाईट बरेच दिवस रात्रीचीच असते, म्हणून बारा-एकला पाणी भरायला जावं लागतं. आमचा वाघ्या नऊ वर्षांचा आहे, तो मला एकटं जाऊ देत नाही. पोटापर्यंत भिजतो, मग मोटारीच्या खोलीबाहेर गोणीवर झोपतो. सकाळी मागचा डावा पाय टेकत नाही, ऊन वर आलं की चालायला लागतो. माझ्या कंबरदुखीची गोळी त्याला अर्धी देऊ का?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

गोळी देऊ नका भाऊ. अर्धी नको, पावही नको. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्यांत डायक्लोफेनॅक असतं, आयबुप्रोफेन असतं, पॅरासिटामॉल असतं. पहिल्या दोन्हींनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडं बसतात. पॅरासिटामॉलने यकृत जातं. जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे, हे शेतकऱ्यांना माहीत असतं. पण कुत्र्याला ते स्वतःलाच बाधतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या डॉक्टरांकडे कुत्र्याला चालणारं वेदनाशामक असतं, ते वजन करून आणि लघवी-पाणी विचारूनच देतात.

आता खरं दुखणं. तुम्ही लिहिलेल्या चार ओळींत मला सगळ्यात जास्त खटकली ती गोणी. गोणपाट एकदा भिजलं की पौषात दोन दिवस सुकत नाही. वाघ्या त्यावर अंग टाकतो तेव्हा त्याची ऊब त्या पाण्यात जाते, आणि खालून जमीन ओढते ती वेगळीच. गावठी कुत्र्याला कोरडी थंडी सोसते. ओल आणि वारा एकत्र आले की त्याचे सांधे धरतात. म्हणून आधी ती ओली गोणी काढा. चार विटा मांडा, त्यावर फळी टाका. कोरड्या गोणीत वाळलेलं गवत भरून तोंड शिवा आणि ती गादी फळीवर ठेवा. गवत ओलं झालं की उसवून बदलायचं. गादी खोलीच्या आत, दाराच्या आडोशाला ठेवा. आपल्याकडे या दिवसांत वारा उत्तरेकडून येतो, तेव्हा उत्तरेची फट बुजवा. खताची रिकामी गोणी अंथरू नका, कुत्री ती चाटतात.

आत म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. तुमच्या पट्ट्यात केळीच्या बागांतून बिबट्या फिरतो, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. बाहेर साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. दार लावून घ्या आणि वाघ्याला आत घ्या. स्टार्टरच्या वायरी मात्र त्याच्या तोंडापासून दूर असू द्या.

केळीला बारं (पाणी) देऊन परतलात की पाच मिनिटं त्याच्यासाठी काढा. कोरड्या कापडाने पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू पुसा. मग एकेक पंजा हातात घ्या आणि बोटं फाकवून बघा. काळी माती तिथे अडकते, रात्रीतून सुकते आणि सकाळपर्यंत खड्यासारखी कडक होते. मी अशा पंज्यातून हरभऱ्याएवढे गोळे काढले आहेत, खाली कातडी लाल झालेली असते. पाय न टेकण्याचं कारण कधी कधी तेवढंच निघतं. कोमट पाण्यात पंजा बुडवा, माती मऊ होऊ द्या, ओढून काढू नका.

तरीही वाघ्याला एकदा डॉक्टरांना दाखवाच. वय झालेल्या कुत्र्याचा सांधेदुखीचा पाय सकाळी आखडतो आणि उन्हात सुटतो, तुमचं वर्णन तसंच आहे. पण गोचिडाच्या तापातही कुत्रं लंगडतं. गोचीड आपल्याकडे थंडीतही असते. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात शोधा, ओठ उचलून हिरड्या बघा. त्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि खायला जरा वाढवा. थंडीत रात्रभर बाहेर राबणाऱ्या कुत्र्याला एरवीची दीड भाकर पुरत नाही. दादर ज्वारीची भाकर, बिनफोडणीचं वरण, एखादं उकडलेलं अंडं. पाणी कोमट द्या, गार पाणी कुत्री या दिवसांत कमी पितात.

प्रश्न : आमच्या मळ्यात हिवाळाभर भरीत पार्ट्या असतात. उरलेलं भरीत आणि पुऱ्या राखणीच्या दोन कुत्र्यांना घालतो. आवडीने खातात. मागच्या आठवड्यात एकाची लघवी तांबडी झाली होती, आता बरा आहे. याचा काही संबंध असेल का?
— यावल तालुका

असण्याची दाट शक्यता आहे. भरताच्या वांग्याचा दोष नाही. आपल्या हिरव्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेलं भरीत माझ्याही जिवाचं. पण त्यात पडते ती कांद्याची पात आणि लसूण. कांदा, पात, लसूण, यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्याने किंवा तळल्याने विष उतरत नाही. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर त्रास दिसतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक मोठा कांदा पुष्कळ झाला. लसूण त्याहून जहाल. थोडं थोडं रोज गेलं तरी साठत जातं.

फसवणूक अशी की त्रास लगेच दिसत नाही. पार्टी रविवारी होते आणि कुत्रं बुधवारी-गुरुवारी मलूल पडतं. तोवर कोणी भरताचा विचारही करत नाही. लघवी तांबडी किंवा कॉफीच्या रंगाची, हिरड्या फिक्या, चार पावलं चालून धाप, अशी लक्षणं असतात. तुमचा बरा झाला हे नशीब, पण रक्त तपासून घ्या. तांबडी लघवी गोचिडाच्या रोगातही होते.

पार्टीला त्यांच्यासाठी वेगळ्या दोन भाकरी टाकायला सांगा. मटणाची पार्टी असेल तर शिजलेली हाडं घालू नका, ती टोकदार फुटतात. जाळ विझला की राखेवर पाणी मारा. पहाटे कुत्री उबेसाठी राखेत शिरतात, आतला निखारा दिसत नाही. पोट भाजलेली कुत्री मी दर हिवाळ्यात बघितली आहेत.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या मोत्याला माझा जुना स्वेटर घालू का?
— शहादा

बाळा, मोत्याच्या अंगावर दाट केस असतील आणि तो जवान असेल तर त्याला स्वेटर लागत नाही. तो म्हातारा असेल, फार बारीक असेल किंवा खरजेने केस गेले असतील तर घाल. सुती आणि सैल असू दे, पोटाखाली लोंबायला नको. सकाळी दवात भिजला तर लगेच काढ. तो थरथरतोय का, कान गार लागतात का, अंग चोरून बसतो का, हे तू रोज बघ. ते तुझ्याइतकं नीट दुसरं कोणी बघणार नाही.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये हस्कीचं पिल्लू घेतलं, आता सहा महिन्यांचं आहे. या थंडीत ते फार खूश आहे, गच्चीवर फरशीवर झोपतं. विकणाऱ्याने सांगितलं की खान्देशची हवा त्याला सहज मानवते, उन्हाळ्यात फक्त कूलर लावा. खरं आहे का?
— भुसावळ

दादा, तुम्ही पिल्लू जीव लावून वाढवताय हे पत्रात दिसतं, म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्हाला सांगितलेलं खरं नाही. हस्की ही आशियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांनी गाडी ओढण्यासाठी वाढवलेली जात. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा सुमारे २० गाडीवानांनी आणि दीडशे कुत्र्यांनी हातोहात, बर्फातून जवळपास १,१०० किलोमीटरवरून साडेपाच दिवसांत घटसर्पावरचं प्रतिविष (सीरम) पोहोचवलं. ही कुत्री त्या कामाची. अंगावर केसांचे दोन थर, वरचा लांब आणि आतला लोकरीसारखा. आपल्याला कडाक्याची वाटणारी धुळ्याची पाच-सहा अंशांची पहाट त्याला सुखाची. पण भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो, आणि कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. ते तोंडाने धापून उष्णता टाकतं.

आता पिल्लू तुमच्या घरचं झालंय, त्याला परत करा असं मी म्हणणार नाही. हे दोन-अडीच महिने त्याच्यासाठी सोन्याचे आहेत. रोज पहाटे तास-दीड तास त्याला पळवा. गच्चीवरच्या चार येरझाऱ्यांनी या जातीचं भागत नाही, मग ते दारं कुरतडतं आणि रडतं. दोरीला न ओढता चालायला, हाक मारल्यावर यायला याच दिवसांत शिकवा. मार्चपासून बाहेर जाणं उजाडायच्या आधी. कूलर कोरड्या हवेत काम देतो, पण मृगाचे ढग आले आणि हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो. तळमजल्यावरची गार खोली, पंखा, लाईट गेली तर पर्याय, हे सगळं आतापासून ठरवा. उन्हाळ्यात केस भादरू नका. तो थर उन्हापासूनही राखतो. आतली सुटलेली लोकर फणीने काढत राहा. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, पावलं लटपटली, तर अंगावर साधं पाणी ओतत, पंख्याखाली धरत दवाखाना गाठा. अंगातला ताप ४१ अंशांवर गेला की मिनिटं मोजावी लागतात.

मित्रांनी "कुठून घेतलं" विचारलं तर त्यांना हेही सांगा.

प्रश्न : सुट्टीत पाटणादेवीला जातो. आमच्या कुत्र्याला जंगलात फिरवायला नेऊ का?
— चाळीसगाव

नको. ते गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. तिथे बिबट्याचं भय कुत्र्याला आहे आणि कुत्र्याच्या रोगांचं भय जंगलाला. २०१८ मध्ये गीरचे सिंह कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाच्या विषाणूने दगावले होते. गिरणेच्या काठाने किंवा वावराच्या बांधावरून फिरवा, कुत्र्याला तेवढाच आनंद होतो.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या जिन्याखाली गल्लीतल्या कुत्रीने पाच पिल्लं दिली, सहा दिवस झाले. तिसरं पिल्लू गार लागतं आणि बारीक आवाजात रडतं. गाईचं दूध बोळ्याने पाजू का? काही शेजारी म्हणतात, पिल्लं लांब सोडून या. खाली लहान मुलं खेळतात म्हणून मलाही भीती वाटते.
— देवपूर, धुळे

ताई, दूध आत्ता नको, आधी ऊब. हे मी स्वतः चुकले आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी असंच गार पडलेलं पिल्लू कोणी आणून दिलं. मी घाईने ड्रॉपरने दूध पाजलं. गार पिल्लाच्या आतड्यांची हालचाल मंदावलेली असते, गिळणंही धड नसतं. दूध फुफ्फुसात गेलं आणि ते तासाभरात माझ्या तळहातावर गेलं. त्याचं गुलाबी नाक आणि ओठावरचा दुधाचा थेंब अजून आठवतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही, अंगची ऊब त्याला राखता येत नाही. भोवतालची हवा २९ ते ३२ अंश लागते, आणि धुळ्याच्या जिन्याखाली ती कुठली? पिल्लू मऊ कापडात घेऊन छातीशी, पदराखाली धरा. सावकाश, तास-दीड तास. शेगडीजवळ किंवा हीटरपुढे धरू नका. तोंडात करंगळी दिली आणि ते चोखायला लागलं, अंग मऊ कोमट लागलं, की आईच्या पुढच्या नाही, मागच्या सडाशी लावा. तिथे दूध जास्त असतं. थोराड पिल्लू या बारक्याला ढकलत असेल तर थोराडाला दहा मिनिटं बाजूला ठेवा.

खोक्यात कोरडं कापड, एका कोपऱ्यात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. एकाच कोपऱ्यात, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लांना सरकता येईल. खोक्याचं तोंड भिंतीकडे करा. आणि दुधाचा खरा उपाय आईच्या पोटात आहे. बाळंतिणीसारखं दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घाला, ताजी भाकर, वरण, अंडी, पाणी भरपूर.

लांब सोडून यायचं कोणाला सुचत असेल तर त्यांना जिन्याखाली नेऊन ते पिल्लू हातात द्या. आईपासून तोडलेलं सहा दिवसांचं पिल्लू या थंडीत एक रात्र काढत नाही. आई दूध पाजून मोकळी झाली, साधारण दोन महिन्यांनी, की नगरपालिका-महापालिकेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या नसबंदीसाठी तिचं नाव द्या. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस देऊन तिला त्याच जागी परत सोडतात. पुढच्या वर्षी जिन्याखाली पिल्लं नसतील.

मुलांची भीती योग्य आहे. पिल्लांना हात लावू देऊ नका, व्यालेली कुत्री पिल्लांसाठी चावते. दात किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद-चुना लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात लस सुरू करा, चावणारं पिल्लू असलं तरी. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपचार उरत नाही. पिल्लं तीन महिन्यांची झाली की त्यांनाही लस द्यायची, मी तुम्हाला आठवण करीन.

हा अंक हातात पडेल तेव्हा त्यांचे डोळे उघडलेले असतील. तिसऱ्याचे उघडले का, ते एका पोस्टकार्डावर कळवा.