टाकी विकत घेतली की फक्त घर?

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात आम्ही नुकतंच घर घेतलं. मागच्या अंगणात ५०० गॅलनची प्रोपेनची टाकी आहे. विक्रेता म्हणाला होता, 'टाकी घराबरोबरच.' आता गॅस कंपनी म्हणते टाकी आमची, भाडेकरारावर सही करा. काय करावं?

उत्तर : त्या करारावर तूर्त सही करू नका. 'टाकी कंपनीच्या मालकीची आहे हे ग्राहकास मान्य आहे' असं कलम त्यात बहुधा असतं. सही केलीत, तर तुमची बाजू तुम्हीच सोडून द्याल.

पण विक्रेत्याच्या तोंडी शब्दावरही विसंबू नका. टाकी त्याने भाड्याने घेतली असेल, तर जे त्याचं नव्हतं ते त्याला विकताच येत नाही. घराचा डीड (मालकीचा दस्त) तुमच्या नावावर झाला, म्हणून ती तुमची होत नाही. आधी खरेदीचा करार आणि विक्रेत्याचं डिस्क्लोजर (घराबद्दल त्याने लिहून दिलेली माहिती) वाचा. भाड्याच्या वस्तूंमध्ये टाकी आहे का? विक्रेत्याकडे टाकीची खरेदी-पावती आणि जुनी गॅसबिलं मागा. बिलात भाडं दिसलं नाही तरी निर्धास्त होऊ नका, कारण वर्षाला ठरावीक गॅस घेतला की काही कंपन्या भाडं लावत नाहीत.

खरा पुरावा टाकीवरच्या धातूच्या पट्टीपासून सुरू होतो. ती घुमटाकार झाकणाखाली किंवा टाकीच्या अंगावर असते. त्यावरचं उत्पादकाचं नाव, वर्ष आणि सिरियल नंबर यांचे फोटो काढा. कंपनीचं स्टिकर म्हणजे मालकी नव्हे; ग्राहकाच्या स्वतःच्या टाकीवरही पुरवठादार ते लावतात. मग कंपनीला लेखी विचारा : या नंबरच्या टाकीसाठी आधीच्या मालकाने सही केलेला करार दाखवा. नंबर जुळला, तर कंपनीचा दावा भक्कम. करारात नुसतंच 'एक ५०० गॅलन टाकी' असेल, तर वाद घालायला जागा आहे, कारण मधल्या काळात टाक्या बदललेल्या असू शकतात.

निकाल लागेपर्यंत दुसऱ्या कंपनीकडून गॅस भरू नका, टाकी हलवूही नका. मालकाच्या परवानगीशिवाय टाकी भरायला अनेक राज्यांत कायद्याने मनाई आहे.

टाकी कंपनीचीच निघाली, तर विकत घ्यायची किंमत लेखी मागा. घेतलीत, तर विक्रीपत्रात सिरियल नंबर हवाच. नको असेल, तर न्यायला सांगा, पण आधी गेजचा (आतला गॅस दाखवणाऱ्या मापकाचा) फोटो काढा. काटा ४० टक्क्यांवर असेल, तर आत सुमारे २०० गॅलन गॅस आहे. घराच्या करारात उरलेलं इंधन तुम्हाला दिलेलं असेल आणि विक्रेत्याने त्याचे पैसे चुकते केले असतील, तर त्याचा परतावा कंपनीकडे मागा. टाकी आपलीच असल्याचं विक्रेत्याने लिहून दिलं असेल, तर भरपाई त्याच्याकडून मागता येईल; तो कागद घेऊन स्थानिक वकिलाला भेटा.