नकाशा घ्या हो, पण आधी ती पॉलिसी बघा

झुरिकहून पत्र आलंय. आयटीत आहेत, तीन वर्षांनी पुण्याला परतायचंय, आणि प्रश्न असा की सेबास्टियान म्युन्स्टरच्या ‘कॉस्मोग्राफिया’ या नकाशे-चित्रांच्या जुन्या पुस्तकातली आल्प्समधल्या गावांची चार वुडकट (लाकडी ठशाने छापलेली) पानं ३,६०० फ्रँकला मिळताहेत, दुकानदार म्हणतो वर्षाला १० टक्के वाढतात, तर गुंतवणूक म्हणून घेऊ का.

गुंतवणूक म्हणून नको. हे पुस्तक १५४४ साली बाझेलला निघालं आणि १६२८ पर्यंत आवृत्त्या निघतच राहिल्या, पुढे लोकांनी पुस्तकं फोडून पानं सुटी विकली, त्यामुळे बाजारात ती सापडतात. रंगीत असतील तर रंग कधी भरला ते विचारा, छपाई काळीच असायची, रंग हाताने, तोही कधीकधी परवाचा. उद्या त्याच दुकानात विकायला गेलात आणि अर्धे मिळाले, तर १,८०० चे परत ३,६०० व्हायला वर्षाला ५ टक्के वाढ धरली तर १४ वर्षं. त्या चारांतलं सिऑन (आपलं शीव नव्हे, स्वित्झर्लंडमधलं ऱ्होन नदीकाठचं, दोन टेकड्यांचं) आवडलंय ना, मग ते एकच घ्या ९०० ला आणि भिंतीवर लावा. म्युन्स्टर स्वतः जर्मनीच्या १०० मार्कच्या नोटेवर होते, ती नोटही आता चालत नाही.

पण खाली सहज लिहिलंय, ‘थ्री-एमध्ये दोन वर्षं महिना ६०० जातात, ते सेफ आहे.’ थ्री-ए म्हणजे स्वित्झर्लंडमधली निवृत्तीसाठीची, टॅक्स वाचवणारी ऐच्छिक बचत. कागद मागवले. बँकेचं थ्री-ए खातं नाही हो, विमा पॉलिसी आहे, ३० वर्षांची! परत जाणाऱ्या माणसाला ३० वर्षांची पॉलिसी विकणाऱ्याला काय म्हणावं? ‘टॅक्स वाचतो’ एवढं ऐकून सही केलीत. टॅक्स बँकेच्या थ्री-एतही तेवढाच वाचतो, २०२५ ची मर्यादा ७,२५८, आणि एखाद्या वर्षी नाही भरले तरी कोणी विचारत नाही.

हिशोब बघा. भरले १४,४००, आज मोडली तर ६,१००. म्हणजे ८,३०० गेले, नऊ सिऑन. आता ‘एवढे भरलेत तर चालू ठेवू’ म्हणाल, तर अजून २१,६०० भरून पाचव्या वर्षाची सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मोडल्यावर मिळणारी रक्कम) तुमच्याच कागदावर २४,५०० आहे. तेच ६,१०० बँकेच्या थ्री-एत हलवले आणि पुढचे तिथे भरले तर शून्य व्याजानेही २७,७००, आणि देश कायमचा सोडताना ते थोडा कर कापून काढता येतात. बायको कमावतेय, कर्ज नाही, तरी विमा हवाच असेल तर साधा टर्म विमा घ्या, बचत न जोडलेला.

या आठवड्यात कंपनीकडून आजची सरेंडर व्हॅल्यू लेखी मागवा, बँकेत थ्री-ए उघडा आणि पैसे थेट तिकडे ट्रान्सफर करायला सांगा, स्वतःच्या खात्यात घेऊ नका. एजंटचा फोन येईलच, त्याला पाचव्या वर्षाचा तो आकडा वाचून दाखवा.