काल्पनिक देशाच्या सैन्यातील स्त्री

प्रश्न : मी एका काल्पनिक मुस्लिम देशावर कादंबरी लिहीत आहे. नायिका सैन्यात कॅप्टन असून सरहद्दीवरच्या एका चौकीची प्रमुख आहे. हस्तलिखित वाचलेल्या एका स्नेह्यांचे म्हणणे असे, की मुस्लिम देशात हे घडणेच शक्य नाही. नायिकेला लष्करी रुग्णालयातील परिचारिका करावे का?

उत्तर : या कारणासाठी तरी करू नका. आपल्या स्नेह्यांनी सगळ्या मुस्लिम देशांना एकाच मापाने मोजले आहे. तुर्कस्तानच्या सबिहा गोकचेन १९३७ मध्ये पूर्व तुर्कस्तानातील देरसिम भागातल्या लष्करी मोहिमेत लढाऊ वैमानिक म्हणून सहभागी झाल्या होत्या. (त्या मोहिमेत तिथल्या अलेवी पंथाच्या कुर्द रहिवाशांची मोठी प्राणहानी झाली, हेही कादंबरीकाराने विसरू नये, सैन्यात गेलेली स्त्री सैन्याच्या कृत्यांपासून वेगळी राहत नाही.) संयुक्त अरब अमिरातीच्या मरियम अल-मन्सूरी २०१४ मध्ये सीरियातील इसिसच्या तळांवर हल्ला करणारे एफ-१६ विमान चालवत होत्या. सौदी अरेबियाने मात्र स्त्रियांना शिपाई ते सार्जंट या हुद्द्यांवर घेण्याची घोषणा थेट २०१९ मध्ये केली. धर्म एकच असताना एवढे अंतर पडते, ते प्रत्येक देशाची राजवट आणि तिचे सैन्य कसे घडले यामुळे.

म्हणून आधी आपल्या देशाच्या सैन्याचा जन्म ठरवा. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, म्हणजे १९५४ ते १९६२ या काळात, स्त्रियांनी निरोप पोहोचवले, जखमींची शुश्रूषा केली, बॉम्बही ठेवले. पण स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांतील बहुतेकींना घरी परतावे लागले आणि त्या देशाला पहिली स्त्री जनरल मिळाली ती २००९ मध्ये. नायिकेची आजी अशी लढलेली आणि नंतर विसरली गेलेली असेल, तर नातीच्या गणवेशाला आपोआप इतिहास लाभेल. आपल्या राजवटीला परंपरेचा आधार हवा असेल, तर तोही जवळच आहे : प्रेषित मुहंमदांच्या काळातील उहुदच्या लढाईत तलवार घेऊन उभ्या राहिलेल्या नुसैबा बिंत काब यांची आठवण मुस्लिम समाजात आजही आदराने काढली जाते.

स्नेह्यांची शंका एका जागी मात्र रास्त आहे, आणि ती जागा म्हणजे चौकी. बहुतेक सैन्यांत स्त्रीसाठी पहिले दार वैद्यकीय विभागाचे उघडते (पाकिस्तानात २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झालेल्या निगार जोहर याच विभागातल्या), कधी त्यानंतर विमानाचे, आणि पायदळाचे सर्वांत शेवटी. विमान चालवणारी स्त्री काम संपवून तळावर परतते. चौकीवर मात्र पुरुषांसोबत महिनोन्महिने राहावे लागते, आणि तिथे झोपायची खोली, न्हाणीघर, रात्रीचा पहारा, साऱ्यांचाच प्रश्न उभा राहतो. कादंबरीचे खरे नाट्य मला इथे दिसते. पुरुषाच्या मापाचे चिलखत ती बसली की वर सरकून हनुवटीला टेकते, आणि शिरस्त्राणाखाली बांधलेल्या हिजाबाची गाठ मानेत रुतते. असे दोन-तीन तपशील वाचकाला पटवायला पुरेसे आहेत.

भरतीचा प्रसंगही वगळू नका. इंडोनेशियाच्या लष्करात भरती होणाऱ्या स्त्रियांची कौमार्यचाचणी घेतली जात असे. ती अपमानकारक प्रथा लष्कराने बंद केल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. आपल्या नायिकेने असे काही सोसले असेल, तर नव्याने भरती झालेली मुलगी प्रथमच तिच्यासमोर उभी राहते, तेव्हा नायिका तिला काय विचारते आणि काय विचारायचे टाळते, तेवढे लिहा.