उत्तर: नोंदणीचे मेल पोचत नाहीत, एसईएस लावू का?

प्रश्नाचा गोषवारा आधी, म्हणजे नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागेल. ट्रेकर्सच्या ग्रुपसाठी भाड्याच्या सर्व्हरवर डिस्कोर्स (चर्चेच्या फोरमचं सॉफ्टवेअर) बसवलंय, मेल तिथूनच पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने सुटतात आणि नव्या सभासदांना नोंदणीची लिंक एकतर स्पॅममध्ये सापडते नाहीतर सापडतच नाही. पुढच्या महिन्यात एक्सेलमधले जुने सभासदही आत घ्यायचे आहेत.

एसईएस, म्हणजे ॲमेझॉनची मेल पाठवायची सेवा, लावा. पोस्टफिक्सशी झटापट करण्यात अर्थ नाही. भाड्याच्या आयपीवर (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावर) आधीच्या भाडेकरूने काय उद्योग केले होते हे आपल्याला कळत नाही, आणि त्याची शिक्षा आपल्याला होते. पोस्टमार्क किंवा मेलगन या अशाच सेवा वापरायला जास्त सुटसुटीत आहेत, पण वर्गणीवर चालणाऱ्या ग्रुपला एसईएसचा हजार मेलला दहा सेंट हा हिशोब परवडतो. रीजन, म्हणजे ॲमेझॉनचे सर्व्हर कुठले वापरायचे ते, मुंबई निवडा.

पत्ते एकेक व्हेरिफाय करू नका, पूर्ण डोमेन करा. एसईएस डीकेआयएमसाठी (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे दाखवणारी डिजिटल सही) डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, टाकायला तीन सीनेम रेकॉर्ड देतं आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. दिलेल्या नावाच्या शेवटी तुमचं डोमेन आधीच असतं. पण काही डोमेन विक्रेत्यांचं पॅनेल नावाच्या रकान्यात जे लिहाल त्याला डोमेन आपणहून जोडतं. मग डोमेन दोनदा लागतं. पॅनेलमध्ये सगळं ठीक दिसतं, एसईएस मात्र ‘पेंडिंग’वरून हलत नाही. अशा पॅनेलमध्ये शेवटचं डोमेन कापून फक्त आधीचा भाग टाका, आणि टर्मिनलवर ‘डिग’ या कमांडने त्या रेकॉर्डचं उत्तर येतंय का ते बघा. डीएनएस क्लाउडफ्लेअर या सेवेवर असेल तर त्या तिन्ही रेकॉर्डपुढचा नारिंगी ढग करडा करा, म्हणजे प्रॉक्सी बंद करा.

एसपीएफचं (तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं याची यादी) रेकॉर्ड एका डोमेनला एकच चालतं. गुगल वर्कस्पेसचं आधीपासून असेल तर शेजारी दुसरं ठेवू नका, दोन्ही बाद धरली जातात. मी तर मुख्य डोमेनला हातच लावत नाही. एसईएसमध्ये ‘कस्टम मेल फ्रॉम’साठी (न पोचलेले मेल जिथे परत येतात तो पत्ता) वेगळं उपडोमेन देतो, त्यावर एक एमएक्स आणि एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकलं की झालं. डीमार्कचं (ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं ते सांगणारं रेकॉर्ड) धोरण सुरुवातीला ‘नन’, म्हणजे काहीच करू नका, असं ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे आहेत. तुमचा आकडा तिथवर जाणार नाही, तरी तिन्ही लावाच.

डिस्कोर्समध्ये टाकायचे एसएमटीपीचे (मेल पाठवायच्या जोडणीचे) युजरनेम-पासवर्ड एसईएसच्याच पानावरून बनवून घ्या. आयएएमची (ॲमेझॉनच्या खात्यातल्या युजरची) सीक्रेट की पासवर्ड म्हणून चालत नाही, लॉगिन नाकारल्याची ५३५ ची एरर येते. दुसऱ्या रीजनमध्ये बनवलेला पासवर्डही मुंबईत चालत नाही. पोर्ट ५८७, सर्व्हरवाल्याने ते बंद ठेवलं असेल तर २५८७.

आता सँडबॉक्स, म्हणजे एसईएसची चाचणीपुरती मर्यादित अवस्था. नवं खातं त्यातच असतं: २४ तासांत २०० मेल, सेकंदाला एक, आणि तेही व्हेरिफाय केलेल्या पत्त्यांवरच. त्यामुळे ॲडमिनला टेस्ट मेल झकास येतो आणि सभासदांना काहीच जात नाही. बाहेर पडायचा अर्ज नीट भरा. कोणते मेल जाणार, सभासद कुठून येतात, बाउन्स (न पोचता परत आलेले मेल) आणि तक्रारींचं (‘स्पॅम’ दाबणाऱ्यांचं) काय करणार, हे चार वाक्यांत लिहा. एका ओळीत उरकलेल्या अर्जावर हमखास उलट प्रश्न येतात.

इथपर्यंतचं काम एका संध्याकाळचं. मला खरी धास्ती आहे ती तुमच्या एक्सेलची. ट्रेकच्या सकाळी एसटी स्टँडवर मोबाइलवरून भरलेल्या फॉर्ममधले पत्ते ते. ‘डॉट कॉम’चं ‘डॉट कॉन’ झालेले आणि सोडलेल्या नोकरीतले पत्ते त्यात निघणारच. बाउन्स ५ टक्क्यांवर गेले की एसईएस खातं तपासणीखाली घेतं, १० टक्क्यांवर पाठवणं थांबवू शकतं. तक्रारींची मर्यादा त्याहून कडक, ०.१ टक्का. पहिल्याच दिवशी सगळ्यांना आमंत्रण सोडलंत तर नोंदणीचे मेलही त्यासोबत बंद पडतील. गेल्या वर्षभरात ट्रेकला आलेल्यांना आधी बोलवा, तेही थोड्या थोड्या संख्येने. बाकीच्यांसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाका. ज्याला यायचंय तो स्वतःच्या हाताने पत्ता भरेल. डिस्कोर्सचं डायजेस्ट, म्हणजे नव्या चर्चांचा सारांश देणारा मेल, तोवर बंद ठेवा. न फिरकणाऱ्यांनाच ते जातं, आणि ‘स्पॅम’चं बटण तेच दाबतात.

आमंत्रणं पाठवण्याआधी बाउन्सच्या सूचना एसएनएस या ॲमेझॉनच्या सूचना-सेवेमार्फत डिस्कोर्सच्या वेबहुकला (सूचना स्वीकारणाऱ्या पत्त्याला) जोडून घ्या. तपासायला एसईएसचे सिम्युलेटर, म्हणजे चाचणीचे, पत्ते आहेत. त्यांवर गेलेला बाउन्स तुमच्या टक्केवारीत धरला जात नाही.

सगळं करूनही मेल स्पॅममध्ये गेला तर जीमेलमध्ये तो उघडून ‘शो ओरिजिनल’ (मूळ मेलचा तपशील) करा आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कपुढे काय लिहिलंय ते इथे टाका. सभासदाचा पत्ता तेवढा खोडा.