नवीन घेतलेल्या जागेत गाजर गवत आणि लव्हाळा माजलाय, ट्रॅक्टर फिरवून सगळं साफ करू का?

ट्रॅक्टर थांबवा, निदान लव्हाळा आहे तिथे तरी. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर बऱ्याच गाठी झोपलेल्या राहतात. नांगराने ती तुटली की सुट्या गाठींना कोंब फुटतात. महिन्याभरात आधीपेक्षा दाट लव्हाळा दिसतो आणि मग माणूस हताश होतो. लव्हाळ्याला सावली मात्र सोसत नाही. तिथे दाट वाढणारं काहीतरी पेरा, वर येणारा प्रत्येक कोंब काढत राहा. चिकाटी लागते, एका हंगामात संपत नाही.

पण आधी हात घाला गाजर गवताला, कारण ते आवरायला वेळ कमी असतो. उगवल्यापासून ४ ते ६ आठवड्यांत ते फुलू लागतं आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं. पांढरी फुलं दिसण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मास्क हवाच. या गवताने त्वचेला खाज सुटते, दमाही बळावतो. फुलावर आलेली झाडं खतात टाकू नका, बिया तिथून पुन्हा शेतभर जातील.

बिया मातीत काही वर्षं टिकतात. त्यामुळे साफ केलेली जागा उघडी ठेवू नका, लगेच पालापाचोळ्याचा जाड थर द्या. आणि सगळी जागा एकदम साफ करायला घेऊ नका, कमी तण असलेल्या कडेकडून आत सरका.