गुदाशयाचा कर्करोग: दुर्बीण, रोबो की उघडी शस्त्रक्रिया?

प्रश्न: माझे वडील ६४ वर्षांचे असून त्यांना गुदाशयाचा कर्करोग झाला आहे. गाठ गुदद्वारापासून सात सेंटिमीटरवर आहे. रेडिएशन आणि केमोथेरपी गेल्या महिन्यात पूर्ण झाली. आता आमच्या शहरातील सर्जन दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करू म्हणतात, तर पुण्यातील एका रुग्णालयाने रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवली असून तिचा खर्च सुमारे दोन लाखांनी जास्त आहे. पोट उघडल्याशिवाय कर्करोग मुळापासून निघत नाही, असे नातेवाईक सांगतात. वडील अंगाने स्थूल आहेत आणि पोटावर मल गोळा करणारी पिशवी लागणार या विचाराने फार खचले आहेत. आम्ही काय ठरवावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर: शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने करायची हे ठरवण्याआधी उपचारानंतरचा नवा एमआरआय झाला आहे का, हे पाहा. रेडिएशनचा परिणाम पुढे काही आठवडे चालूच राहतो, त्यामुळे साधारण दोन महिन्यांनी एमआरआय, दुर्बिणीने गुदाशयाची आतून पाहणी आणि बोटाने तपासणी अशा तिन्ही गोष्टी करून गाठ किती उरली आहे हे नक्की करावे लागते. काही रुग्णांमध्ये गाठ पूर्णपणे विरघळलेली दिसते. अशांना शस्त्रक्रिया न करता काटेकोर देखरेखीखाली ठेवता येते, ही कल्पना ब्राझीलमधील साओ पाउलो येथील सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी मांडली आणि आज ती जगभर मान्य झाली आहे. मात्र अशा रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात गाठ पुन्हा वाढते, बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच. त्यामुळे दर तीन महिन्यांनी न चुकता तपासणीला येणे ज्यांना शक्य आहे, त्यांनीच हा मार्ग धरावा.

गाठ उरली असेल तर शस्त्रक्रिया हवीच, आणि मग नातेवाइकांच्या शंकेचे उत्तर द्यायला हवे. गुदाशयाभोवती चरबीचे एक आवरण असते आणि कर्करोग ज्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्स) प्रथम पसरतो, त्या याच आवरणात असतात. गुदाशयासह हे आवरण न फाटता अखंड बाहेर काढले तर त्याच जागी कर्करोग परत येण्याचे प्रमाण फार कमी होते, हे इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले. पोट उघडून, दुर्बिणीतून किंवा रोबोने, कसेही केले तरी काढायचे ते हेच आणि एवढेच. काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टकडे जातो तेव्हा ते त्याचा बाहेरचा पृष्ठभाग निरखून पाहतात. तो गुळगुळीत आणि चकचकीत असेल, कुठेही पाच मिलिमीटरपेक्षा खोल चीर नसेल, तर शस्त्रक्रिया पूर्ण झाली असा शेरा मिळतो. कर्करोगाच्या पेशी कापलेल्या कडेपासून एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतरावर सापडल्या, तर ती कड बाधित धरली जाते आणि धोका वाढतो.

दुर्बिणीची पद्धत या कसोटीला उतरते का, याचा मोठा अभ्यास मुख्यतः युरोपात १,०४४ रुग्णांवर झाला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनंतर त्याच भागात कर्करोग परत येण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या अशा दोन्ही गटांत पाच टक्केच निघाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील आणि ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यासांना मात्र दुर्बिणीतून काढलेला भाग उघड्या शस्त्रक्रियेच्या तोडीचा असतो, हे सिद्ध करता आले नाही. पुढील पाठपुराव्यात रुग्णांच्या जगण्यात लक्षणीय फरक आढळला नाही, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. पण खोल, अरुंद ओटीपोटात दुर्बिणीने काम करणे अवघड असते आणि तिथे हाताला सवय असावी लागते, हे त्या अभ्यासांनी सर्वांना बजावले. सवय असलेल्या सर्जनच्या हातून दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली तर रक्तस्राव कमी होतो, आतडी लवकर हालू लागतात आणि रुग्ण लवकर घरी जातो.

आता रोबो. यंत्र स्वतः काही करत नाही. सर्जनच शेजारच्या कन्सोलवर (नियंत्रण-यंत्रावर) बसून ते चालवतात, पण त्याची उपकरणे मनगटासारखी वळतात आणि अरुंद जागेत याचा उपयोग होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोच्या गटात ८.१ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के होते, परंतु हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. त्यानंतर चीनमधील ११ रुग्णालयांत गुदाशयाच्या मधल्या आणि खालच्या भागातील गाठींवर मोठा अभ्यास झाला. त्यात तीन वर्षांनी त्या भागात कर्करोग परतण्याचे प्रमाण रोबोच्या गटात १.६ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात ४ टक्के आढळले. तेथील सर्जन दोन्ही पद्धतींत मुरलेले होते, हे विसरू नये. आपल्या वडिलांसारखा स्थूल पुरुष आणि सात सेंटिमीटरवरची गाठ, हीच रोबोचा फायदा होण्याची सर्वाधिक शक्यता असलेली परिस्थिती आहे, हे मी मान्य करतो. तरीही पुण्यातील सर्जन गुदाशयाच्या शस्त्रक्रिया रोबोने नियमित करत नसतील आणि आपल्या शहरातील सर्जन दुर्बिणीने त्या वर्षानुवर्षे करत असतील, तर मी आपल्या शहरातील सर्जनकडेच जाईन. कर्ज काढून किंवा दागिने मोडून रोबोची निवड करावी, इतका त्याचा पुरावा आज भक्कम नाही. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा. रोबोटिक शस्त्रक्रियेला विमा लागू होतो, पण अनेक पॉलिसींमध्ये त्यासाठी वेगळी कमाल रक्कम ठरवलेली असते.

दोन्ही सर्जनना सरळ विचारा: वर्षाला गुदाशयाच्या किती शस्त्रक्रिया करता, किती वेळा मध्येच पोट उघडावे लागते, गाठ काढल्यावर आतड्याला घातलेला जोड किती जणांत गळतो, आणि आपल्या रुग्णाची केस ट्यूमर बोर्डपुढे, म्हणजे कर्करोगाच्या वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीपुढे, ठेवली होती का? असे विचारणे उद्धटपणाचे नाही. अनुभवी सर्जनना या प्रश्नांची सवय असते.

पिशवीबद्दल वडिलांशी मोकळेपणाने बोला. सात सेंटिमीटरवरच्या गाठीत गुदद्वाराचे स्नायू बहुतेक वेळा वाचवता येतात. पिशवी लावली जाते ती जोड भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन महिने, आणि केमोथेरपी बाकी असेल तर त्याहून अधिक काळ. पिशवी बंद झाल्यावरचा त्रास मात्र फारसे कोणी आधी सांगत नाही. दिवसातून अनेकदा, थोडी थोडी शौचाला होणे, घाईची भावना येणे, कधी वायू आणि मल यांतील फरक न कळणे, असे अनेक रुग्णांना होते. पहिल्या वर्षात ते हळूहळू कमी होते, पण रेडिएशन घेतलेल्यांत काही अंशी राहू शकते. लघवीच्या आणि लैंगिक क्षमतेच्या नसाही त्या आवरणाला लगटूनच जातात. म्हणून वडिलांशी आणि आईशी सर्जननी शस्त्रक्रियेपूर्वी याविषयी बोलावे, असा आग्रह धरा.

प्रश्न: माझ्या गुदाशयातील कोंब (पॉलिप) कोलोनोस्कोपीत काढला, त्यात अगदी सुरुवातीचा कर्करोग सापडला. पोटाला हात न लावता गुदद्वारातूनच तो भाग काढता येईल, असे डॉक्टर म्हणतात. हे पुरेसे आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: पुरेसे असू शकते. या पद्धतीत गुदद्वारातून उपकरणे घालून आतड्याच्या भिंतीचा तेवढाच भाग काढला जातो, पण लसिकाग्रंथी जागीच राहतात. म्हणून ग्रंथींत कर्करोग गेल्याची शक्यता नगण्य असेल तरच ती योग्य. यासाठी आपल्या बायोप्सीच्या अहवालात तीन गोष्टी शोधा: पेशी किती विकृत आहेत, रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरकाव दिसतो का, आणि कर्करोग भिंतीच्या आतील थरात किती खोल गेला आहे. यातील एकही प्रतिकूल असेल तर पूर्ण शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. अहवालात या बाबींचा उल्लेखच नसेल, तर त्याच स्लाइड आणि ब्लॉक (काढलेल्या कोंबाचे प्रयोगशाळेत जपून ठेवलेले नमुने) कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या आणि तो अहवाल हाती आल्यावरच शस्त्रक्रियेची तारीख ठरवा.